मोजणीत न बसणारी मारांडी

झाड कशाला म्हणायचे, हे गोव्यात कायद्याने ठरवून ठेवले आहे. १९८४ सालच्या वृक्ष जतन कायद्यातली व्याख्या अशी: खोडावर फांद्या तोललेली लाकडी वनस्पती, जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर खोड निदान ५ सेंटिमीटर जाड, आणि उंची निदान १ मीटर. या व्याख्येपायी २०१६ साली आमच्याकडे जो तमाशा झाला तो अजून कुणी विसरलेले नाही. माडाला फांद्या फुटत नाहीत, सबब माड हे झाड नव्हे, असे सरकारला उमगले आणि कायद्यात तशी दुरुस्तीही झाली. ज्या प्रदेशात नारळाच्या रसाशिवाय माशाचे हुमण होत नाही, तिथे हे ऐकून लोक आधी हसले आणि मग चिडले. पुढच्याच वर्षी माडाला त्याचे झाडपण परत मिळाले.

माडाचे बरे आहे. त्याच्या पाठीशी माणसे आहेत. मला आज त्या व्याख्येच्या दुसऱ्या टोकाला पडलेल्या एका झुडपाची कैफियत मांडायची आहे. तिला फांद्या आहेत, उंचीही मीटरभर सहज भरते. पण खोड म्हणाल तर अंगठ्याएवढे. त्यामुळे ती झाड नाही. तिचे नाव मारांडी.

मांडवी, झुआरी, साळ, शापोरा, नाहीतर कुंभारजुव्याचा कालवा. ओहोटीच्या वेळी कुठल्याही खारट काठाने चालत गेलात तर ती दिसते. कमरेएवढी, कुठे पुरुषभर उंच, गर्द हिरवी, आणि पानांच्या कडांना असे काटे की अर्धी चड्डी घालून गेलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. गावात विचाराल तर बरेच जण नुसते 'काटे' म्हणून मोकळे होतात. शास्त्रीय नाव अकँथस इलिसिफोलियस. अडुळसा आणि कोरांटी तिच्या कुळातल्या. अबोलीसुद्धा. आमच्या बायका जिच्या वळेसारासाठी फोंड्याच्या बाजारात घासाघीस करतात ती अबोली आणि चिखलात गुडघाभर उभी असलेली ही काटेरी बाई नात्याने चुलत बहिणी आहेत, हे सांगितले तर कुणाचा विश्वास बसत नाही.

फाल्गुन-चैत्रात तिला फूल येते तेव्हा मात्र नाते पटते. निळसर-जांभळे, दोन बोटे लांब, दांड्यावर खालून वर उमलत जाणारे. या फुलाला वरचा ओठच नाही. एकच रुंद पाकळी खाली लोंबते, मध्यावर पिवळसर पट्टा असतो, आणि तिच्यावर चार जाडजूड केसर असे वाकलेले की त्यांचे परागकोश एकमेकांना चिकटून दाट कुंचला झालेला असतो. लहानसहान माशीला त्या केसरांखालून मध गाठणे जमत नाही. लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा येतो, पाकळीवर आदळतो, डोके खुपसून केसर पाठीने उचलतो आणि बाहेर पडताना पाठीवर पांढरी पूड घेऊन जातो. मी एकदा दिवाडी बेटाच्या बांधावर बसून हे अर्धा तास बघत होतो. भुंगा प्रत्येक फुलाशी झटापट करतो, आणि फूल हलते, पण तुटत नाही. सूर्यपक्षीही येतात, त्यांना इतकी झटापट करावी लागत नाही.

शेंगेचे तर विचारूच नका. बोटाच्या पेराएवढी, आत बहुधा चार चपट्या बिया. वाळली की फट्कन फुटते आणि बिया लांब उडतात. शेजारच्या कांदळ या खारफुटीच्या झाडासारखे बी झाडावरच रुजवून, त्याला हातभर सोट फोडून मग खाली सोडायचे, असले लाड मारांडी करत नाही. फेकते आणि भरतीवर सोपवते. शिवाय आडवी पडलेली फांदी चिखलाला टेकली की तिथेच मुळे धरते. मिठाचे म्हणाल तर कांदळ मुळाशीच खारटपणा अडवतो. मारांडी आणि तिवर हे खारफुटीचे दुसरे झाड तो आत घेतात आणि पानांवाटे बाहेर टाकतात. एप्रिलच्या दुपारी तिचे पान जिभेला लावून पाहा. काटा सांभाळून.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर दिवाडीची फेरीबोट धरायला जाताना वाटेत सेंट कॅजेटनची चर्च लागते. इटलीहून आलेल्या थिएटाइन पाद्रींनी सतराव्या शतकात बांधलेली, रोमच्या सेंट पीटर्सची छोटी आवृत्ती म्हणतात ती. तिच्या दर्शनी भिंतीवरच्या स्तंभांचे माथे निरखून बघा. दगडात कोरलेली, टोकाला वळलेली, दातेरी पाने आहेत. ती अकँथसची पाने. ग्रीकांनी आपल्याकडच्या अकँथसवरून ती घडवली, रोमनांनी उचलली, आणि फिरत फिरत ती मांडवीच्या काठी चिऱ्या-चुन्यात आली. तिथून दोनशे पावलांवर, धक्क्याच्या कडेच्या चिखलात, त्याच अकँथसची आमची गाववाली जिवंत उभी असते. चर्चच्या पानांना जागतिक वारसा म्हणून संरक्षण आहे. खालच्या पानांवर फेरीबोटीची वाट बघणारे लोक चिप्सच्या पिशव्या टाकतात. असो.

माझे आजोळ दिवाडीचे. मारांडीशी ओळख करून दिली ती मामांनी. ते मानशेकार होते, म्हणजे गावच्या मानशीची उघडझाप बघणारे. ज्यांना खाजन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे, कारण मारांडीचा सगळा प्रश्न खाजनात अडकलेला आहे.

भरतीचे पाणी जिथे येते-जाते अशी सखल जमीन बांध घालून अडवायची आणि तिच्यात भात पिकवायचे, हे खाजन. फार जुनी विद्या आहे. बांदिवड्याच्या ताम्रपटात 'खज्जन' जमिनीचे दान नोंदलेले आहे. पोर्तुगीज यायच्या कित्येक शतके आधीचा तो ताम्रपट. आज गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे असे मानतात. बांध चिखलाचा, आत पेंढा, बांबूचे खुंट, काही ठिकाणी चिऱ्यांची लगड. बांधात एके ठिकाणी मानस, म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. त्याची मेख अशी की भरती चढली की पाण्याच्या दाबानेच दारे मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतात. आत पोंय, म्हणजे सखल चर, जिथे पावसाचे जादा पाणी साठते आणि मासळी वाढते. पावसाने जमिनीतले मीठ धुतले की सरदीचे, म्हणजे पावसाळी पीक, कोरगुटासारखे खारे सोसणारे भात. पीक निघाल्यावर सुंगटे आणि काळुंद्रे ही मासळी. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी.

या व्यवस्थेत मारांडीची जागा ठरलेली होती: बांधाच्या बाहेरच्या उतारावर. मी दहा-अकरा वर्षांचा असताना कोयती हातात आली म्हणून मोठ्या उत्साहाने तिच्यावर घाव घालायला गेलो. मामा वरून ओरडले, "ताका हात लायनाका, बांद वतलो." नंतर त्यांनी समजावले ते असे. बांधाच्या माथ्यावर तिवर किंवा चिपी मोठी होऊ द्यायची नाही. उद्या झाड मेले की मूळ कुजते, तिथे पोकळी राहते, पोकळीतून खेकडा वाट काढतो आणि खेकड्यामागून पाणी. पण खालच्या उतारावर मारांडी हवी. लाट तिच्या दाट काड्यांत शिरली की तिचा जोर मोडतो, पाण्यातला गाळ तिथेच बसतो, बांधाचा पाय आपोआप भरत जातो. वर्षातून एकदा पायवाटेपुरती छाटायची, उपटायची नाही. मामांनी कधी कुठला अहवाल वाचला नव्हता. त्यांच्या बांधाला मात्र माझ्या आठवणीत एकदाही भगदाड पडले नाही.

तिच्या काट्यांत आणखी कोण कोण राहते, ते ओहोटीला गुपचूप बसले की दिसते. चिखलावर उड्या मारणारे निवटे, एक नांगी मोठी घेऊन हातवारे करणारे खेकडे, फांदीखाली दबा धरून बसलेला बगळा. काट्यांमुळे कुत्री आत शिरत नाहीत, म्हणून बारीक पाखरांना आसरा. दिवाडी-चोडणच्या बांधांवर पहाटे पाणमांजरांची विष्ठा सापडते, माशांच्या खवल्यांनी चकाकणारी. आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात तर खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या मगरी आहेत. फोंडा तालुक्यातल्या खाजनकाठच्या गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर घालून पुजतात, 'मांगे थापणी' म्हणतात तिला. बांध राखणारी ती देवता. ज्यांनी मगरीलाही शेतीच्या हिशेबात धरले, त्यांना मारांडी का ठेवायची हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

लगेच कबूल करतो, मारांडी काही बिचारी नाही. ती दुर्मीळही नाही. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे आणि जगातल्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत तिच्यापुढे 'चिंता नाही' अशीच नोंद आहे. उलट ती आगाऊ आहे. बांध फुटला, शेत पडीक झाले, की जी पहिल्या टोळीत आत शिरते तिच्यात ही असते. एकदा तिने रान केले की खाली कांदळाचे रोपही धड रुजत नाही. अभ्यासक तर तिचे दाट रान म्हणजे मोडलेल्या खारफुटीची खूण मानतात. काही तिला खरी खारफुटी म्हणतात, काही खारफुटीची सोबतीण. मला हा वाद बिनमहत्त्वाचा वाटतो. महत्त्वाचे हे की तीच वनस्पती बांधाच्या बाहेर असली तर राखणदार आणि आत असली तर अतिक्रमण करणारी आहे. आणि नेमकी हीच गोष्ट आमच्या कायद्यांना, आमच्या आंदोलनांना आणि आमच्या लागवडीच्या मोहिमांना दिसत नाही.

गोव्यातल्या कुठल्याही खाजन गावात आज एकच भांडण आहे. शेतकरी म्हणतो, माझ्या शेतात खारफुटी वाढली आहे, मला ती काढून भात लावायचे आहे. पर्यावरणवाला म्हणतो, खारफुटीला हात लावलात तर गुन्हा. दोघेही खरे बोलतात. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी जो खास भाग आहे त्यात खाजन जमिनी राखाव्यात असे म्हटले आहे आणि खाजनातली खारफुटीही राखावी असे म्हटले आहे. म्हणजे शेत राखा आणि त्या शेताला गिळणारे रानही राखा. दोन्हींसाठी व्यवस्थापन आराखडा करायला सांगितले होते. आराखडा हा शब्द आमच्याकडे 'उद्या' या अर्थाने वापरतात.

दुसरीकडे २०१७ चे पाणथळ जागांचे नियम आहेत. त्यांनी भातशेती वगळली, नदीचे पात्र वगळले आणि किनारपट्टी नियमनाखाली येणारे क्षेत्रही वगळले. मारांडी उभी असते ती जागा दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, तरी ती कागदावर पाणथळ नाही. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ साली गोव्याचे पहिले रामसर स्थळ झाले, ४२ हेक्टरांचे. तिथे पाणी साठवतात, मासे मारतात, त्याच पाण्यावर खालची भातशेती पिकते, आणि तरीही जगाने त्याला पाणथळ म्हणून मान दिला. माणसांनी वापरलेली, राबती पाणथळ जागा जपण्यासारखी असते हे एका तळ्यापुरते आपल्याला मान्य आहे. खाजनापुरते नाही.

या भांडणात माझा कौल कुणाला? बांधाच्या आत शेतकऱ्याला. बांधाच्या बाहेर मारांडीला.

हे म्हटले की पर्यावरणवाल्या मित्रांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यांची भीती पोकळ नाही. आत कापायची परवानगी दिली की काय होईल ते त्यांना दिसते: आज खारफुटी कापली, उद्या शेत केलेच नाही, परवा मातीचे ट्रक आले, तेरवा कुणाचा तरी 'रिव्हर व्ह्यू' उभा राहिला. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९(अ) या कलमांवरून गेली काही वर्षे गोव्यात जे रण माजले आहे ते पाहता, जमिनीचा विभाग बदलणे किती सोपे होऊ शकते हे कुणाला सांगायला नको. शिवाय बांध आपोआप फुटतात असेही नाही. फोडलेलेही असतात. पावणीत मानस घेतलेला ठेकेदार जास्त मासळीसाठी दारे मुद्दाम उघडी ठेवतो, खारे पाणी आत राहते, वर्ष-दोन वर्षांत शेताचे मीठ होते, शेतकरी नाद सोडतो, आणि मग ती जमीन स्वस्तात मिळते. खारफुटी ही या साखळीतली शेवटची कडी. तिच्यावर खटला भरून साखळी सुटत नाही.

म्हणून परवानगी हवी ती नांगराला बांधलेली. खारफुटी काढली त्याच सरदीत तिथे भात दिसले पाहिजे. दोन सरदी कोरड्या गेल्या तर परवानगी संपली आणि जमिनीवर कायमची खूण लागली की इथे दुसरे काही होणार नाही. मानशीची पावणी होईल, पण दारे कधी उघडायची ते ठेकेदार ठरवणार नाही, शेत कसणाऱ्या कुळांचा संघ ठरवेल, आणि पावणीच्या पैशातला ठरावीक वाटा आधी बांधावर खर्ची पडेल. हे काही मी नवे शोधलेले नाही. गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदाद या गावाच्या सामाईक जमीन-संस्थेच्या काळात साधारण असेच चालत होते. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कुळाला जमीन मिळाली, आणि ते न्यायाचेच झाले. पण बांधाचा वारस कोण हे कुणी नीट ठरवले नाही. जमीन वाटून घेता येते, बांध वाटून घेता येत नाही. माझ्या वाफ्यासमोरचा बांध मी कितीही राखला आणि पलीकडच्या मुंबईत राहणाऱ्या भावाने राखला नाही, तर पाणी त्याच्याकडून येऊन माझ्याकडे बसते.

आता बाहेरच्या बाजूचे. तिथे मारांडीची खरी शत्रू आहे संरक्षक भिंत.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या आजोळच्या बांधाचे 'बळकटीकरण' झाले. कुठल्या खात्याने केले ते महत्त्वाचे नाही, कारण कुणीही केले असते तरी असेच केले असते. खोदकामाचे यंत्र पडावावरून आले. दोन दिवसांत बाहेरचा उतार खरवडून साफ झाला; मारांडीचा ढीग जवळजवळ माणसाच्या उंचीचा झाला आणि पेटवून दिला. ओली मारांडी धड जळतही नाही, आठवडाभर धुमसत होती. मग सिमेंट, सळ्या, सरळ उभी भिंत, वर पांढरा पट्टा, आणि उद्घाटनाचा फलक. दिसायला झकास. पहिल्या पावसाळ्यात काही झाले नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिंत नदीकडे कलली. आता तिच्या आणि बांधाच्या मधल्या फटीत माझा हात कोपरापर्यंत जातो.

यात गूढ काही नाही. उतारावरून लाट चढते, दमते, परत जाते. सरळ भिंतीवर ती आदळते आणि तेवढ्याच जोराने खाली वळून पायाचा चिखल उकरते. खाजनाचा चिखल लोण्यासारखा मऊ. त्याच्यावर जड वस्तू ठेवली की ती खचणारच. त्यात खनिजाच्या बार्ज ज्या वर्षांत जोरात चालत तेव्हा त्यांच्या लाटांनी बांध खाल्ले. आता प्रवासी बोटी आणि तरंगते कॅसिनो यांच्या लाटा आहेत. जिथे मारांडी आहे तिथे त्या मोडतात. जिथे भिंत आहे तिथे मोडत नाहीत, समोरच्या काठावर जातात. म्हणजे एका गावाची भिंत दुसऱ्या गावाच्या बांधाला भोवते.

'पण मातीच्या बांधावर राबायला माणसे कुठे आहेत?' हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारतात, आणि तो खरा प्रश्न आहे. मामांची मुले एक कतारला, एक पर्वरीत बँकेत. कोयती घेऊन ओहोटीच्या वेळा सांभाळत चिखलात उतरायला आज झारखंडचे मजूर मिळतात, आणि ते बिचारे जीव तोडून काम करतात, पण मारांडी कुठपर्यंत छाटायची हे त्यांना सांगणारा वर कुणी उभा नसतो. भिंतीचे मोठे सुख हे की ती एकदा बांधून विसरता येते. निदान कलेपर्यंत. माझे म्हणणे एवढेच की त्याच पैशात गावाला एक मानशेकार आणि चार माणसे वर्षभर पगारावर ठेवता येतील का, याचा हिशेब कुणी मांडून तरी दाखवावा. भिंतीचे अंदाजपत्रक निघते, कारण ते मीटरमध्ये मोजता येते. राखणीचे निघत नाही.

मोजण्यावरून आठवले. देशाच्या वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात गोव्याची खारफुटी २७ चौरस किलोमीटर दाखवली आहे. उपग्रहाला वरून शेंडे दिसतात. बांधाच्या उतारावरची तीन-चार हात रुंदीची मारांडीची पट्टी, तीही अर्धी तिवराच्या सावलीत, त्या मोजणीत कुठून यायची? उद्या ती सगळ्या गोव्यातून गेली तरी आकडा २७ चा २७ राहील आणि आपण समाधानाने मान डोलावू.

मग आकडा वाढवायला लागवड. जुलै महिन्यातले फोटो तुम्हीही पाहिले असतील: टी-शर्ट घातलेली पोरे, गुडघाभर चिखल, हातात कांदळाचे सोट, ओळीने रोवणे चालू. कांदळच का? कारण सोपा. हातभर सोट, टोचला की झाले, आणि फोटोत दिसतोही. पण रोवतात कुठे, तर उघड्या चिखलावर, जिथे हिवाळ्यात लांब चोचीचे पाहुणे पक्षी चरतात. मी पाहिलेल्या एकाही मोहिमेत मारांडीचे रोप नव्हते. काटे टोचतात म्हणे. शेजारच्या महाराष्ट्राने २०२० साली पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्ष केले, हे कौतुकाचे आहे. पण तिथेही मान मिळाला तो वृक्षाला. झुडपाला कोण मखरात बसवतो? पणजीत पाटोजवळ खारफुटीतून लाकडी पायवाट काढली आहे. पर्यटक तिथे तिवरासोबत सेल्फी काढतात आणि खालून मारांडी त्यांच्या मोज्यांना हात घालते. तिच्या परीने ती लक्ष वेधायचा प्रयत्न करते.

जुन्या औषधी ग्रंथांत गोव्याचे नाव घेऊन लिहिले आहे की इथे मारांडीची बुळबुळीत पाने संधिवातावर शेकायला वापरतात. हल्ली कुणी काही 'उपयोगाचे' सांग म्हटले की मी हे सांगत नाही. कारण लगेच कुणीतरी तिचे तेल काढून बाटलीत भरील, आणि ज्या काठावर ती उभी आहे तो काठ तसाच जाईल.

गेल्या ग्रामसभेला मी मुद्दाम आजोळी गेलो. मतदार मी तिथला नाही, पण मामेभावाच्या नावाने अर्ज दिला होता. मागणी मोठी नव्हती. बांधाच्या दुरुस्तीची पुढची निविदा निघेल तिच्यात दोन वाक्ये घाला: बाहेरचा उतार सरळ करू नये, आणि त्यावरची मारांडी पायवाटेपलीकडे काढू नये; काढावी लागली तर काम संपल्यावर तिच्या फांद्या त्याच उतारावर लावून द्याव्यात. रुजतात त्या, रोपवाटिकाही लागत नाही.

चर्चा आधी कचरागाडीवर तासभर झाली, मग रस्त्यावरच्या दिव्यांवर. आमचा विषय आला तेव्हा अर्धी सभा चहाला उठली होती. पंचायतीचे सचिव तरुण, डिचोलीकडचे, लिहिता लिहिता थांबले. "मारांडी म्हणजे नेमके काय? झाड की गवत?"

मी सकाळीच बांधावरून एक फांदी तोडून वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. पुढे केली. त्यांनी घडी उलगडली, पान उचलले आणि "आई गं" करून हात मागे घेतला. बोटावर रक्ताचा बारीक थेंब आला. मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्या फिसकन हसल्या, आणि त्यांतली एक म्हणाली, "मारांडी ती. आतां विसरचो ना."

सचिवांनी बोट चोखत इतिवृत्तात लिहिले: 'काटेरी झुडूप, स्थानिक नाव मारांडी.' मग पुढच्या रकान्यात, जिथे संख्या लिहायची असते, तिथे त्यांनी पेन टेकवले आणि माझ्याकडे बघितले.